रोमन देव नेमका कुठला? मूळ शोधायची रीत

ज्युपिटर म्हणजे झ्यूस, जुनो म्हणजे हेरा, व्हीनस म्हणजे ॲफ्रोडाइटी. प्रश्नमंजूषेच्या पुस्तकांतला हा तक्ता पाठ झाला की रोमन धर्म ग्रीकांची नक्कल वाटू लागतो. तक्ता खोटा नाही. रोमन लोकांनी तो स्वतःच बनवला होता, पण ओळख पटवण्यासाठी: तुम्ही ज्याला झ्यूस म्हणता, तोच आमचा ज्युपिटर. त्यातून वंशावळ काढायला गेलं की फसगत होते.

'हा देव कुठून आला?' हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. देवाचं नाव एका वाटेने येतं, विधी दुसऱ्या, मूर्ती तिसऱ्या, आणि कथा बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. म्हणून कागद आडवा धरा आणि त्यावर पाच ओळी आखा: नाव, पंचांगातली जागा, देऊळ, विधी, मूर्ती व कथा. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने हवेत: सर्वांत जुना पुरावा कोणता, त्याचं वर्ष काय, तो सापडला कुठे, आणि त्यावरून वाट कोणती दिसते. नियम एकच पण कडक: एका ओळीचं उत्तर दुसरीत झिरपू द्यायचं नाही. मूर्ती ग्रीक घडणीची निघाली म्हणून नावापुढे 'ग्रीक' लिहायचं नाही.

वाटा कधी उघडल्या

रोमची स्थापना परंपरेने इ.स.पू. ७५३ मधली मानतात. पॅलेटाइन टेकडीवरच्या झोपड्यांचे खुंट त्याच सुमाराचे किंवा थोडे आधीचे आहेत. लॅटिन, सबाइन, उंब्रियन ही शेजारपाजारची माणसं पहिल्यापासूनच होती. टायबरपलीकडे एट्रुस्कन. त्यांच्या घराण्यातले राजे रोममध्ये इ.स.पू. ६१६ ते ५०९ या काळात होते, असं परंपरा सांगते. ग्रीक मात्र वाटतं त्याहून फार आधी आले. नेपल्सच्या उपसागराजवळ कूमे इथे त्यांची वसाहत आठव्या शतकातच होती. इ.स.पू. २७२ मध्ये टारेंटम पडलं, २४१ मध्ये सिसिली हाती आली, १४६ मध्ये कॉरिंथ लुटलं गेलं आणि ३० मध्ये इजिप्त ताब्यात आलं.

ग्रीक प्रभाव कॉरिंथनंतर आला असं समजून कागद भरणाऱ्यांची चूक होते ती इथेच. १४६ नंतर आली ती लूट, पुतळे आणि शिक्षक. देव त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीपासून येत होते.

नाव चाळून घ्या

नावासाठी चार चाळण्या आहेत, आणि त्या याच क्रमाने वापराव्यात.

पहिली वारशाची. ज्युपिटर हे मुळात 'द्यौ पित्या' अशी हाक आहे. ऋग्वेदातला द्यौष्पितर्, ग्रीकांचा झ्यूस पातेर आणि उंब्रियात सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्यांवरचा यूपातेर ही त्याची भावंडं. यांतलं कोणीच कोणाकडून उसनं घेतलेलं नाही. सगळ्यांची आजी एक. हे ठामपणे म्हणता येतं, कारण ध्वनींचा मेळ एका शब्दापुरता नाही. संस्कृतात जिथे 'श', तिथे लॅटिनमध्ये 'क': शतम्–केन्तुम्, दश–देकेम्, श्वन्–कानिस. याच हिशोबाने श्रद्धा आणि लॅटिन 'क्रेदो' एकाच मुळाचे ठरतात. असा मेळ दहा शब्दांत दाखवता येत नसेल, तर एका शब्दाच्या सारखेपणाला किंमत नाही.

दुसरी चाळणी शेजारची. रुधिर शब्दातला 'ध' लॅटिनमध्ये 'ब' होतो, म्हणून लाल म्हणजे 'रुबेर'. सबाइन-ऑस्कन बोलींत त्याचाच 'फ' होतो, म्हणून 'रुफुस'. रोममध्ये दोन्ही शब्द चालतात. दुसरा शेजाऱ्यांकडचा आहे. 'गौ'चं लॅटिन रूप 'व'ने सुरू व्हायला हवं होतं. ते 'बोस' आहे, म्हणजे बैलसुद्धा शेजारच्या बोलीतून आला. शब्दाच्या मध्ये 'फ' दिसला की टायबरच्या वरच्या डोंगरांकडे बघायचं.

तिसरी चाळणी एट्रुस्कन, आणि ती सगळ्यांत उपयोगाची. एट्रुस्कन भाषेत ग, द, ब हे ध्वनी नव्हते. त्यामुळे ग्रीक शब्द एट्रुस्कन तोंडातून लॅटिनमध्ये आला की क, त, प होऊन येतो. ग्रीक गॅनिमीडीसचा एट्रुस्कन कात्मिते आणि त्याचा लॅटिन कातामितुस. विजयमिरवणुकीचा 'त्रिउम्पुस' हा ग्रीक 'थ्रिअम्बोस'. मधला 'ब' कुठे 'प' झाला ते सांगायला नको. हेराक्लीस–हेर्क्ले–हर्क्युलिस ही साखळीही अशीच. लिपीनेही हीच वाट धरली. ग्रीक गॅमाचं 'सी' झालं आणि ते क आणि ग दोन्हींसाठी वापरात आलं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात 'जी' हे वेगळं अक्षर निघालं, तरी गायुस हे नाव थोडक्यात लिहिताना 'सी'च राहिला. रोमन शिलालेख वाचताना 'सी. यूलियुस' दिसलं की तो जुन्या एट्रुस्कन खुणेचा अवशेष समजा.

चाळणी उलटही चालते. रोमच्या दक्षिणेला लाव्हिनियम इथे तेरा वेदी सापडल्या. त्यांच्याजवळ सहाव्या शतकातली ब्राँझची पट्टी मिळाली. तिच्यावर कास्टर आणि पोलक्स या जुळ्यांची नावं आहेत. पोलक्सचं रूप तिथे 'पोद्लोउक्वेइ' असं आहे. त्यातला 'द' शाबूत आहे. ग्रीक रूप पोलिदेउकेस, एट्रुस्कन पुल्तुके. म्हणजे हे जुळे एट्रुस्कनांना वळसा घालून, दक्षिणेकडच्या ग्रीकांकडून थेट लॅटिन लोकांकडे आले. एका अक्षरावर सबंध वाट ठरते ती अशी.

चौथी चाळणी वेळेची. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन स्वरांमधला 'स' लॅटिनमध्ये 'र' झाला होता. घरदेवता 'लारेस' आर्व्हाल या पुजारी-मंडळाच्या जुन्या गीतात 'लासेस' आहेत. व्हालेरियुस हे आडनाव सात्रिकम इथे १९७७ मध्ये सापडलेल्या दगडावर 'व्हालेसिओसिओ' असं आहे, आणि तो दगड इ.स.पू. ५०० च्या आसपासचा आहे. तेव्हा ज्या नावात दोन स्वरांमध्ये 'स' टिकलाय, ते बहुधा त्या बदलानंतर आलेलं. ईसिस हे सरळ उदाहरण. पण इथे एक खोच आहे: मूळचा जोड 'स्स' पुढे एकेरी झाला असेल, तर तोही टिकलेला दिसतो. 'काउसा' हा शब्द आधी 'काउस्सा' असा लिहीत. म्हणून जुनं लेखन बघितल्याशिवाय ही चाळणी वापरू नका.

पंचांग आणि पुजारी

रोमन पंचांगं दगडावर कोरलेली किंवा भिंतीवर रंगवलेली असत. सीझरच्या सुधारणेआधीचं एकच रंगवलेलं पंचांग हाती लागलंय. ते १९१५ मध्ये आंत्झियो इथे सापडलं. या पंचांगांत काही सण मोठ्या अक्षरांत आहेत, काही बारीक अक्षरांत. मोठ्या अक्षरांतले सुमारे ४५ सण जुन्या थरातले मानले जातात: १५ फेब्रुवारीचा लुपेर्कालिया, २३ फेब्रुवारीचा तेर्मिनालिया, २१ एप्रिलचा पारिलिया, २५ एप्रिलचा रोबिगालिया, २३ ऑगस्टचा व्होल्कानालिया, १७ डिसेंबरचा सातुर्नालिया. शेत, गुरं, धान्याचा तांबेरा, बांध, आग हे त्यांचे विषय. अपोलो त्या अक्षरांत नाही, व्हीनस नाही, महामाता किबेलीही नाही. अक्षरांच्या आकारावर सगळा भार टाकता येत नाही, पण पुजाऱ्यांच्या यादीशी ताडून बघितलं की तो पुरावा बळकट होतो.

ती यादी म्हणजे 'फ्लामेन' या एकेका देवाला नेमलेल्या पुजाऱ्यांची. एकूण १५: तीन थोरले, बारा धाकटे. थोरले तिघे ज्युपिटर, मार्स आणि क्विरिनस यांचे. कॅपिटलवरच्या प्रसिद्ध त्रयीशी, म्हणजे ज्युपिटर, जुनो, मिनर्व्हा यांच्याशी, ही जुळत नाही. जुनी त्रयी वेगळी होती, ती ही. हिचा चुलतभाऊ उंब्रियात आहे. गुब्बियो गावी १४४४ मध्ये सात ब्राँझचे पत्रे सापडले. त्यांवर ज्युपिटर, मार्स आणि व्होफियोनुस या तिघांना 'ग्राबोव्हियुस' हे एकच बिरुद आहे. धाकट्या फ्लामेनांपैकी दहांची नावं कळतात: सेरीस, व्हल्कन, फ्लोरा, पोमोना, पोर्तुनुस यांचे आणि फुर्रिनासारख्या देवतेचेही. फुर्रिना कोण हे व्हॅरो या रोमन विद्वानाच्या काळी, इ.स.पू. पहिल्या शतकात, जेमतेम कोणाला ठाऊक होतं. देव विसरला गेला, पुजारी शिल्लक. जुनेपणाचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

ज्युपिटरच्या फ्लामेनचं सोवळं बघा. घोड्यावर बसायचं नाही, अंगावर गाठ नको, अखंड अंगठी नको, बकरी, आयव्हीचा वेल, वाल आणि कच्चं मांस यांचं नावही घ्यायचं नाही. इ.स.पू. ८७ मध्ये हे पद रिकामं झालं ते ११ पर्यंत तसंच होतं. कारण न सांगता पाळायचे असे नियम दिसले की तो थर जुना असतो. नव्याने आलेला विधी सहसा स्वतःचं कारण सोबत घेऊन येतो.

देऊळ: हद्दीच्या आत की बाहेर

शहराला 'पोमेरियम' नावाची पवित्र हद्द होती. परका देव साधारणपणे तिच्या बाहेर बसवला जाई. अपोलोचं देऊळ साथीच्या वेळी नवसलं आणि इ.स.पू. ४३१ मध्ये हद्दीबाहेर बांधलं. व्हेई या एट्रुस्कन शहराची जुनो रोमनांनी रीतसर 'बोलावून' घेतली. वेढ्यात शत्रूच्या देवीला सांगायचं, तू आमच्याकडे ये, तुला मोठं देऊळ देऊ. ३९६ मध्ये शहर पडलं, ३९२ मध्ये तिचं देऊळ ॲव्हेंटाइन टेकडीवर उभं राहिलं. ॲव्हेंटाइन इ.स. ४९ मध्ये क्लॉडियसने आत घेईपर्यंत हद्दीबाहेर होती. २९३ च्या साथीत ग्रीसमधल्या एपिडॉरसहून वैद्यदेव ॲस्क्लेपियस आणला आणि २९१ मध्ये त्याला टायबरमधल्या बेटावर जागा दिली.

अपवाद तर याहून बोलके. कास्टरचं देऊळ ४८४ मध्ये थेट फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात. सिसिलीतल्या एरिक्सची व्हीनस कॅपिटलवर, महामाता पॅलेटाइनवर. शेवटच्या दोघींना आत घेतलं, कारण रोमन तोवर स्वतःला ट्रॉयच्या एनियसचे वंशज म्हणवत होते आणि त्या देव्यांना घरच्या मानत होते. म्हणून बाहेरचं देऊळ म्हणजे बहुधा परका देव, पण आतलं देऊळ म्हणजे देव घरचाच, असं उलटं वाचू नका. आत असेल तर राजकारण काय होतं ते शोधा.

इमारतीचा ढंग वेगळा नोंदवा. उंच चौथरा, फक्त समोरून पायऱ्या, पुढे खोल खांबांचा ओटा, मागची भिंत बंद: हा एट्रुस्कन आराखडा. ग्रीक देवळाला चारी बाजूंनी पायऱ्या आणि खांब. कॅपिटलवरच्या ज्युपिटरची मातीची मूर्ती घडवायला व्हेईचा वुल्का हा कारागीर आणला होता, असं प्लिनी सांगतो. त्या देवळाची प्रतिष्ठा ५०९ ची.

विधीत डोकं बघा

रोमन रीतीचा यजमान टोग्याचा पदर डोक्यावर घेऊन बळी देतो. ग्रीक रीतीत डोकं उघडं. कोरीव शिल्पात हे एका नजरेत दिसतं. मात्र 'ग्रीक रीत' म्हटलेलं सगळंच ग्रीक नसतं. सॅटर्नच्या देवळात उघड्या डोक्याने बळी देत, आणि तरी त्याचा सण मोठ्या अक्षरांतला, जुना. म्हणजे जुन्या देवाला नंतर ग्रीक रीत चढवली.

भविष्याच्या विद्याही वेगळ्या ठेवा, कारण इथे जवळजवळ सगळेच गोंधळतात. पक्ष्यांवरून कौल घेणं ही इटालिक रीत. गुब्बियोच्या पत्र्यांवर विधीची सुरुवातच पक्षी बघण्याने होते. बळीच्या यकृतावरून कौल घेणं एट्रुस्कनांचं. त्यासाठी रोमची सेनेट त्यांच्याकडचे हारुस्पेक्स बोलावून आणी. पियाचेन्झाजवळ १८७७ मध्ये मेंढीच्या यकृताची ब्राँझ प्रतिकृती सापडली. लांबी जेमतेम १२-१३ सेंटिमीटर, कडेला १६ कप्पे, त्यांत देवांची नावं. मातीच्या अशाच प्रतिकृती बॅबिलोनियात त्याआधी हजारापेक्षा जास्त वर्षांपूर्वी होत्या, त्यामुळे एट्रुस्कनांच्या मागेही एक लांब वाट असावी. तिसरी विद्या सिबिलीन ग्रंथांची, म्हणजे सिबिल या भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या नावावरच्या ग्रंथांची. ती ग्रीक, कूमेहून आलेली मानलेली. ते ग्रंथ सांभाळायला आधी दोन, इ.स.पू. ३६७ पासून दहा आणि पुढे पंधरा अधिकारी होते. रोमन इतिहासकार लिव्हीत 'ग्रंथ पाहिले' असं वाक्य आलं की पुढच्या चार ओळींत नवा ग्रीक विधी हमखास येतो. ३९९ मध्ये देवांना पलंगावर बसवून जेवण घालण्याचा विधी आला, तो असाच.

मूर्ती आणि कथा शेवटी

व्हॅरोच्या मते रोमनांनी पहिली १७० वर्षं मूर्तीशिवाय पूजा केली. वाक्य छान आहे, म्हणून सगळे उद्धृत करतात. पण फोरममध्ये व्हल्कनच्या जुन्या पूजास्थानी, काळ्या दगडाच्या फरशीखाली, ग्रीक भांड्याचं एक खापर मिळालं. त्यावर गाढवावर बसलेला हेफेस्टस, ग्रीकांचा लोहारदेव, आहे. काळ इ.स.पू. ५७० ते ५६० चा. व्हल्कन म्हणजे हेफेस्टस हे समीकरण निदान एका भक्ताला तेव्हाच ठाऊक होतं, तेही गावाच्या मधोमध. रोमन विद्वानांनी स्वतःच्या धर्माबद्दल जे लिहिलं ते पाच-सातशे वर्षांनंतर. ते साक्षीदार नाहीत, आपल्यासारखेच शोधक आहेत, आणि त्यांचेही हेतू होते. हॅलिकार्नाससच्या डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराला तर रोमन हे मुळात ग्रीकच आहेत हे सिद्ध करायचं होतं. त्याचं वाक्य घ्या, पण रकान्यात त्याचं नाव आणि शतक लिहूनच घ्या.

एक भरलेला कागद: सेरीस

नाव. वाढीच्या धातूवरून आलेलं, इटालिक. ऑस्कन भाषेतही तीच देवी आहे. आन्योने इथे १८४८ मध्ये मिळालेल्या ब्राँझ पत्र्यावर तिच्या नावापासून बनलेलं विशेषण एकेका देवतेपुढे लागलंय. वाट: वारसा आणि शेजार.

पंचांग. स्वतःचा फ्लामेन आहे. १९ एप्रिलचा सेरियालिया मोठ्या अक्षरांत. चारच दिवस आधी, १५ तारखेला, भूमीला गाभण गाय बळी द्यायचा फोर्दिकिदिया. या दोघी जोडीने जातात. वाट: जुना रोमन थर. सणात कोल्ह्यांच्या शेपटीला पेटते पलिते बांधून त्यांना सोडत. ओव्हिडने त्याची एक गोष्ट सांगितली आहे, पण ती कारण म्हणून घेऊ नका.

देऊळ. दुष्काळात सिबिलीन ग्रंथ पाहून नवसलं, इ.स.पू. ४९३ मध्ये ॲव्हेंटाइनच्या पायथ्याशी, सर्कस मॅक्सिमसजवळ बांधलं. हद्दीबाहेर. सोबत लिबर आणि लिबेरा. डिमीटर, डायोनिसस आणि कोरे यांचा मेळ मनात धरून ही त्रयी बसवलेली दिसते. आराखडा एट्रुस्कन, सजावट दामोफिलुस आणि गोर्गासुस या ग्रीक कलाकारांची. म्हणजे एकाच इमारतीत तीन वाटा. 'ग्रीक देऊळ' असा एकच शब्द लिहून मोकळं व्हायचं नाही.

विधी. इथे दोन पदर आहेत, वेगवेगळ्या ओळींत लिहा. फ्लामेनचा जुना विधी एक. स्त्रियांचा वार्षिक ग्रीक विधी दुसरा. त्याच्या पुजारिणी नेपल्स किंवा व्हेलियाहून आणत, आणि त्यांना रोमन नागरिकत्व देत. वर्ष कसं काढायचं? हॅनिबलने कॅने इथे केलेल्या रोमच्या पराभवाने मदत होते. इ.स.पू. २१६ मध्ये इतक्या घरांत सुतक होतं की स्त्रियांचा विधी खंडला, आणि सेनेटने सुतक ३० दिवसांवर आणलं. म्हणजे २१६ च्या आधी तो विधी रुळलेला होता. अशी आडून आलेली तारीख ही सरळ सांगितलेल्या तारखेपेक्षा जास्त भरवशाची असते, कारण सांगणारा वेगळंच काही सांगत असतो.

मूर्ती आणि कथा. मुलीच्या हरणाची कथा ग्रीक. पण मुलीचं नाव प्रोसेर्पिना. ग्रीक पर्सेफोनी, एट्रुस्कन फेर्सिप्नाइ. नाव वाटेत एट्रुस्कन घरी थांबून आलं असावं. 'असावं' हा शब्द कागदावर तसाच ठेवा.

आता 'सेरीस म्हणजे डिमीटर' हे वाक्य या कागदाशेजारी ठेवून बघा.

व्हीनसचा कागद याच्या उलट भरतो. नाव अस्सल जुनं, संस्कृत 'वनस्'शी नातं सांगणारं. पण फ्लामेन नाही, मोठ्या अक्षरांतला सण नाही, पहिलं देऊळ २९५ चं. राजांच्या काळात ती नव्हती हे व्हॅरोलाही खटकलं होतं. तिच्या मागे सिसिलीतली एरिक्सची देवी आहे, आणि तिच्यामागे फिनिशियन अस्टार्टे. पिर्गी इथे १९६४ मध्ये मिळालेल्या सोन्याच्या तीन पत्र्यांवर साधारण इ.स.पू. ५०० मध्ये एक एट्रुस्कन राजा आपल्या उनी देवीला फिनिशियन भाषेत अस्टार्टेच म्हणतो. रोमपासून पन्नासेक किलोमीटरवर. पूर्व तेव्हाच दाराशी होती.

पूर्वेकडून आलेले

यांच्यासाठी कागदाला सहावी ओळ जोडा: सरकारने काय अट घातली. महामाता किबेलीचा काळा दगड २०४ मध्ये आला, १९१ मध्ये देऊळ झालं. ४ ते १० एप्रिल खेळ, तेही रोमन अधिकाऱ्यांच्या हातून, रोमन थाटात. पण तिचे पुजारी फ्रिजियन, आणि रोमन नागरिकाने तसा पुजारी व्हायला मनाई. देवी हवी, तिचे भक्त मात्र अंगणात नकोत.

मद्यदेव बॅकसच्या मेळ्यांचं याहून कडक. १८६ मध्ये सेनेटने हुकूम काढला. तो ब्राँझचा पत्रा कालाब्रियात १६४० मध्ये मिळाला आणि आता व्हिएन्नात आहे. पाचाहून जास्त माणसं नकोत, पुरुष दोन, स्त्रिया तीन. त्यासाठीही शहराच्या प्रीटर या अधिकाऱ्याकडे जायचं आणि किमान १०० सदस्य हजर असलेल्या सेनेटची परवानगी घ्यायची. हे नीट वाचा: बंदी देवावर नाही, संघटनेवर आहे. ईसिसच्या वेदी ५८, ५३, ५०, ४८ अशा वारंवार पाडाव्या लागल्या. वारंवार पाडाव्या लागल्या, म्हणजे लोक वारंवार बांधत होते. हुकूम किती वेळा निघाला ते मोजणं ही भक्तांची ताकद मोजायची सोपी युक्ती आहे.

मिथ्रासवर मराठी वाचकाची नजर लगेच जाते, कारण वैदिक मित्र. नावाची ओळ खरोखर तिथे पोचते: मित्र, इराणी मिथ्र, मिथ्रास. पण बाकीच्या ओळी बघा. बैल मारण्याचं त्याचं ठरलेलं दृश्य इराणात कुठेच नाही. गुहेसारखं लांबट देऊळ, दोन्ही कडांना ओटे, भक्तांच्या सात पायऱ्या, हे सगळं इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून साम्राज्यातच दिसतं. नाव पूर्वेचं, घडण रोमन.

हमखास होणाऱ्या चुका

'राम–रोम', 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' असले निरोप मोबाइलवर फिरत असतात. वरची पहिली चाळणी लावा. दहा शब्दांचा मेळ दाखवता येत नाही, गोष्ट संपली. व्हॅटिकन हे ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून टायबरपलीकडच्या जागेचं नाव आहे. रोमचं एट्रुस्कन रूप व्हुल्चीच्या एका चितारलेल्या थडग्यात 'रुमाख', म्हणजे रोमचा, असं सापडतं.

सारखेपणाला उसनवारी समजणं ही दुसरी. सणाच्या दिवशी ज्युपिटरच्या मूर्तीचं तोंड हिंगुळाने लाल रंगवत, असं प्लिनी लिहितो. शेंदूर फासलेला म्हसोबा डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. पण लाल रंग माणसाला कुठेही सुचतो. वाट दाखवणारा मधला टप्पा नसेल, तर रकाना कोरा ठेवा.

वस्तू आली म्हणजे धर्म आला, ही तिसरी. पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिचं साम्य भोकरदन आणि तेर इथल्या मूर्तींशी आहे. उलट दिशेने, कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीत १९४० च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती मिळाली. व्यापाराचा हा पक्का पुरावा. पण पाँपेईत कोणी यक्षिणीची पूजा केली नाही, आणि पंचगंगेकाठी पोसायडनचीही नाही. वस्तूसोबत वेदी, नवसाचा लेख किंवा पुजारी मिळाला, तरच विधीची ओळ भरायची.

चौथी चूक म्हणजे ज्याचं मूळ कळत नाही ते एट्रुस्कनांच्या नावावर टाकणं. काही गोष्टी खरोखर त्यांच्या: काठ्यांच्या मोळीत कुऱ्हाड बांधलेलं अधिकाराचं चिन्ह घ्या, व्हेतुलोनियाच्या सातव्या शतकातल्या थडग्यात ते लोखंडाचं मिळालं. ग्लॅडिएटर मात्र अडतात. दमास्कसचा निकोलाउस हा ग्रीक लेखक त्यांना एट्रुस्कन म्हणतो. पण जोडीने लढणाऱ्यांची इ.स.पू. चौथ्या शतकातली चित्रं आहेत ती दक्षिणेत, पेस्टमच्या लुकानियन थडग्यांत. रोममध्ये पहिली झुंज २६४ मध्ये, एका अंत्यविधीला, गुरांच्या बाजारात, तीन जोड्यांची. रकान्यात निकोलाउसच्या आधी पेस्टम लिहा.

हात बसवायला पहिला कागद मिनर्व्हाचा घ्या. नाव 'मनस्'च्या कुळातलं असावं, एट्रुस्कन रूप मेनर्व्हा. कॅपिटलवरच्या त्रयीत आहे, फ्लामेन नाही. फोरमजवळ सांत ओमोबोनो इथे इ.स.पू. ५३० च्या आसपासची, हर्क्युलिसशेजारी उभी असलेली तिची मातीची मूर्ती आहे. इ.स.पू. २४१ मध्ये फालेरीहून तिचं आणखी एक रूप पकडून आणलं. तिचा सण १९ मार्चचा क्विंक्वात्रुस, मोठ्या अक्षरांत. इथे घाई करू नका. ती तारीख मुळात मार्सची. मिनर्व्हाचं ॲव्हेंटाइनवरचं देऊळ त्या दिवशी प्रतिष्ठापित झालं, म्हणून ती तिची झाली.